मांडवाखालची कामिनी

कामिनीला पाणी मी घातलं. भर पावसाळ्यात, सकाळच्या उजेडात, चहा पिऊन झाल्यावर, पूर्ण शुद्धीत.

झाडाला पाणी घालण्यात चूक ती काय, असं कुणालाही वाटेल. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं, म्हणून तर दोन बादल्या घातल्या. त्या कामिनीच्या भरवशावर माझे घरमालक आपल्या थोरल्या भावासमोर मान वर करून उभे राहणार होते आणि त्यासाठी तिच्या मुळाला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. तिच्या डोक्यावर त्यासाठी मांडव घातलेला होता. तरी घातलं.

पण आधी घरमालक सांगितले पाहिजेत. नाहीतर झुडपाला मांडव कशाला, ते कळायचं नाही.

मी अकोल्याचा. शेतीचे पंप विकणाऱ्या एका एजन्सीत नोकरी लागली आणि मी अमरावतीला वलगाव रस्त्याकडच्या एका कॉलनीत खोली पाहायला गेलो. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या गृहस्थांनी. अंगात बंडी, खाली पायजमा आणि खांद्यावर, बंदूक धरावी तशी, लोखंडाची एक लांब चावी. अंगणात जमिनीखाली नळाचा कॉक होता, तो फिरवायची ती चावी. त्यांनी मला नोकरी विचारली नाही, लग्न झालं का ते विचारलं नाही. गाव विचारलं. अकोला म्हणताच चेहरा उजळला.

"अकोल्याचे? मंग पान्याचं तुमाले काई सांगा लागत नाई," ते म्हणाले आणि खोली दिली.

माणसं ओळखण्यात ते किती चुकू शकतात, याचा हा मला मिळालेला पहिला पुरावा. दुर्दैवाने तो मी स्वतःच होतो.

मी त्यांना काका म्हणू लागलो. काकांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्यावर गेली. कालव्यावरचा माणूस पाणी सोडतो, असं लोकांना वाटतं. काकांच्या मते सोडायला अक्कल लागत नाही, ते उताराने आपसूक जातं. खरं काम अडवण्याचं. निवृत्त झाल्यावर अडवायला कालवा उरला नाही, तेव्हा त्यांनी घरचा नळ हातात घेतला. त्यात जन्म वरूडकडच्या संत्र्याच्या बागेतला. संत्र्याला बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाणी बंद करायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. झाड आता जातंय की काय असं वाटायला लागलं, की ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं. मग ते घाबरून एकदम, शेंड्यापासून बुडापर्यंत फुलतं. बागवाले लोक ही विद्या संत्र्यापुरती ठेवतात. काकांनी ती सगळ्या सृष्टीला लावली होती.

"भरल्या पोटी कोनी फुलत नाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते जेवायला बसतानाही म्हणायचे.

त्यांची स्कूटर नीट चालेना, तेव्हा मेकॅनिककडे न नेता त्यांनी तिला ताण दिला. पावसाळाभर ताडपत्रीखाली, पेट्रोलचा थेंब नाही. दसऱ्याला हळदकुंकू लावून, पेट्रोल पाजून किक मारली. नवल म्हणजे ती सुरू झाली. कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे खोकली, आणि सायलेन्सरमधून उंदराचं आख्खं घर चिंध्या-कापसासकट रस्त्यावर येऊन पडलं. काका स्कूटर ढकलत परत आले. चेहऱ्यावर समाधान.

"पाह्यलं? काई तरी निंघालं ना."

जावई आपणहून फोन करत नाही म्हणून त्याला ताण दिला. फोन नाही, निरोप नाही, दिवाळीचा डबा नाही. ताण चांगला बसावा म्हणून संक्रांतीपर्यंत लांबवला. शेवटी मुलीनेच काकूंना फोन केला. तिचा नवरा म्हणत होता की तुझे बाबा हल्ली फार समजूतदार झालेत, असेच राहू दे.

मलाही त्यांनी ताण दिला होता. माझं लग्न जमत नव्हतं. मी दर रविवारी मुली बघायला जायचो आणि दर सोमवारी नकार घेऊन पंप विकायला निघायचो. काकांनी निदान केलं की मी सारखा पाणी पितोय. पाहणं साफ बंद करायचं, वर्षभर. मग स्थळं अशी अंगावर येतील की निवडता येणार नाहीत. आणि मी, शिकलासवरलेला माणूस, ते ऐकलं. त्या वर्षात मला एकच होकार आला, परतवाड्याहून. ताण चालू असल्यामुळे मी उत्तर दिलं नाही. पुढे त्या मुलीच्या लग्नाला मी जेवून आलो. तिच्या वडिलांना पंप मीच विकला होता, त्यामुळे न जाणं बरं दिसलं नसतं.

काकू या सगळ्याकडे, घरातल्या आवाज करणाऱ्या जुन्या पंख्याकडे पाहावं तसं पाहायच्या. फार बोलायच्या नाहीत. बोलल्या की पुढचं बोलणं थांबायचं.

कामिनी त्यांच्या अंगणात, बरोबर समोरच्या खिडकीखाली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पुरुषभर उंचीचं झुडूप, पानं कढीपत्त्याच्या घराण्यातली पण जास्त चकचकीत, फुलं लहान, पांढरी, पाच पाकळ्यांची. काही लोक तिला कुंती म्हणतात. काकांनी ती नर्सरीतून आणली ती वासासाठी. संत्र्याच्याच गोतातली असल्यामुळे तिच्या फुलाला संत्र्याच्या मोहोराचा वास येतो. वऱ्हाडातली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून त्यांनी खोल खड्डा करून तळाशी मुरूम घातला, मातीत रेती आणि शेणखत मिसळलं, वर लिंबोळीची पेंड. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं भिंत अडवेल अशी जागा. चैत्रात स्वतः छाटायचे. झाड ठणठणीत होतं. पावसाची उघडीप पडली, दोन दिवस ऊन पडलं, की इथे चार, तिथे सहा अशी फुलं यायची. घरात कोणी संत्रं सोलून गेल्यासारखं वाटायचं.

आम्हाला ते छान वाटायचं. काकांना त्याचा अपमान वाटायचा. "हे किरकोळ होय," ते म्हणायचे. "बहार ठोक पाह्यजे."

ठोक बहाराचा हा हट्ट कुठून आला, ते मला काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. काकांचे थोरले भाऊ वरूडकडे बाग सांभाळायचे. एका वर्षी ते मोटरसायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यात पडून राहिले. ताणाचे दिवस होते. काका रजा घेऊन बागेत गेले, पंपाच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. लोक म्हणाले, आता सोडा पाणी. काका म्हणाले, अजून थोडं. जितका लांब ताण तितका मोठा बहार, असा त्यांचा हिशेब. अजून थोडं, अजून थोडं करता करता बागेचा एक कोपरा उभा वाळला. थोरले भाऊ कुबड्यांवर आले, वाळलेल्या रांगेपुढे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "लहान्या, तुले कुलूप लावता येते. उघडता येत नाई."

त्यानंतर वाटणी झाली. भाऊ या घरात कधी आले नाहीत. लग्नाकार्यात दोघे शेजारी बसले तरी मधे तिसरा माणूस लागायचा. "दादाले म्हना, चटनी घ्या." "त्याले सांगा, घेतली." दरवर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या थोरल्यांच्या घरी बसायच्या. काका जायचे, शेवटच्या पंगतीत जेवायचे आणि दुपारच्या बसने परत यायचे.

त्या वर्षी थोरल्यांचं घर पाडून नवीन बांधायला काढलं होतं. वर स्लॅब नाही, खाली फरशी नाही. महालक्ष्म्यांना बिनछपराच्या घरात बसवता येत नाही. त्या अमरावतीला, काकांकडे बसणार असं ठरलं. म्हणजे थोरल्या भावांना यावंच लागणार. काकांनी पुतण्याला फोन करून निरोप दिला की दादाले म्हणा, महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी माझ्या अंगणात बागेचा वास येईल, ठोक बहार येईल, आणि तो मी आणलेला असेल.

आता अडचण एवढीच होती की महालक्ष्म्या भाद्रपदात येतात. भाद्रपदात फूल पाहिजे तर श्रावण संपता संपता ताण तोडायचा. म्हणजे ताण आषाढ-श्रावणात द्यायचा. म्हणजे वरून पाऊस कोसळत असताना खाली झाड तहानेने वाळलं पाहिजे.

पावसाळ्यात ताण का देत नाहीत, याचं उत्तर आभाळाकडे पाहून कुणीही देऊ शकतं. काकांनी आभाळाकडे पाहिलं आणि त्यालाच अडवायचं ठरवलं. आधी कामिनीभोवती नाली खणली. मग मुळांवर प्लास्टिक अंथरलं. ते वाऱ्याने उडून समोरच्यांच्या गच्चीवर गेलं. मग मोठी छत्री बांधली. ती उलटी होऊन तिच्यात पाणी साचलं आणि सगळं एकदम झाडावर ओतलं गेलं. तेव्हा काका तडक मांडववाल्याकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव उभा राहिला. वर ताडपत्री, आत लाल-पिवळं कापड, कडेने झालर, चारी बाजूंनी सोडता येतील असे पडदे. मधोमध नवरीसारखी एकटी कामिनी.

कॉलनीत खळबळ उडाली. एक बाई ओटी भरायचं सामान घेऊन आल्या, त्यांना डोहाळजेवण वाटलं. त्यांना काकूंनी चहा देऊन परत पाठवलं. मागच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर पांढरे कपडे घालून आले, चपला बाहेर काढल्या, झुडपासमोर हात जोडून थोडा वेळ उभे राहिले आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?"

"अजून कोनी नाई," काका म्हणाले. "ताण सुरू हाय."

मास्तर तसेच उभे राहिले. घरात कुणाला तरी अखेरचा ताण आलाय असा त्यांचा समज झाला असावा, कारण संध्याकाळी त्यांच्याकडून पिठलं-भाकरीचा डबा आला. आम्ही तो खाल्ला.

ताण बसायला लागला. पानं लोंबली, त्यांची चमक गेली, खालची पिवळी पडून गळाली. बाहेर सगळा जिल्हा हिरवागार, मोझरीच्या पुढे रस्त्यावर पाणी, आणि आमच्या अंगणात एवढा तुकडा मार्गशीर्ष, संत्र्याच्या ताणाचा कोरडा महिना. काका रोज सकाळी एक पान तोडून दुमडून पाहायचे. घरातल्या नळाचा पाइप कामिनीच्या बाजूने जायचा, त्याला ओल असल्याचा त्यांना संशय आला, तेव्हा घराचं पाणी एक दिवसाआड केलं. माझ्या मोरीची नाली तिकडूनच जाते म्हणून मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. मला सांगितलं की सांडपाणी मागच्या दाराने नेऊन टाकायचं. मी हो म्हटलं. मी नेहमी हो म्हणतो, त्यामुळे पंपही बरे खपतात.

आता माझं अकोला मधे येतं. ज्यांच्या गावात नळ रोज येतो त्यांना हे समजायचं नाही. आमच्याकडे तो आठ-आठ दिवसांनी येतो, आणि आला की घरातला माणूस बदलतो. देव्हाऱ्यासमोर बसलेला उठतो, जेवणारा उष्ट्या हाताने उठतो. आधी भांड्यांतलं शिळं पाणी फेकायचं, मग ताजं भरायचं. शिळं पाणी मोरीत ओतणं म्हणजे पाप. ते झाडालाच घालायचं. तुळस, जास्वंद, लिंबू, शेजाऱ्याची पपई, जे दिसेल त्याला. माझी आई तर रस्त्याच्या कडेच्या बाभळीला घालायची. हे विचार करून होत नाही. नळाने घशातून पहिला खर्रर्र आवाज काढला की हात चालू लागतात.

त्या सकाळी नळाने खर्रर्र केलं. मी चहाचा कप ठेवला. दोन बादल्या शिळ्या भरलेल्या होत्या. मोरीला बोळा होता. मागच्या दाराला काकूंनी वाळवणाची खाट टेकवलेली होती. मी पुढच्या दाराने निघालो. समोर मांडव, पडदा अर्धा वर, आणि आत ती. मान टाकून उभी, सुकलेली, पानं कोमेजून वेटोळी झालेली. आपल्या हातात पाणी असताना समोर एक जीव असा उभा आहे, हे दृश्य अकोल्याच्या माणसाने पाहू नये.

मी पहिली बादली घातली. जमिनीने ती घटाघट प्यायली. त्यामुळे मला भरून आलं आणि मी दुसरी आणली. दुसरी ओतताना मी तिच्याशी बोललोसुद्धा. "पी माय," म्हटलं.

मागे काका उभे होते. खांद्यावर चावी. मी वळलो तेव्हा माझ्या हातातली बादली उपडीच होती, तिच्या काठावरून शेवटचा थेंब पडायचा होता. आम्ही दोघांनी तो पडताना पाहिला.

काका पायरीवर बसले, चावी मांडीवर आडवी ठेवली आणि बोटांवर पुढचे आठवडे मोजू लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, "पोळ्याले फुलते आता हे. महालक्ष्म्याले झाडू मारा लागीन."

मी म्हटलं की काका, माझं चुकलं, मी भाऊंना सांगतो. त्यांनी मान हलवली. "दादा काय म्हनन मालूम हाय? म्हनन, याले आता कुलूप लावताही येत नाई."

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघांनी मिळून एका झुडपाला फुलू न देण्यात घालवले. जगात लोक झाडाला फूल यावं म्हणून धडपडतात. आम्ही कळी दिसली की एकमेकांकडे पाहायचो. काकांनी सगळे पडदे सोडून आत अंधार केला, म्हणजे तिला सकाळ झाल्याचं कळू नये. मी बसस्टँडजवळून बर्फाच्या लाद्या आणून बुडाशी ठेवल्या. गोणपाटात गुंडाळून, काकांच्या स्कूटरवर, त्यांच्या मागे बसून त्या पोटाशी धरून. त्या स्कूटरचं तुम्हाला सांगितलंच आहे. घरी पोचेपर्यंत निम्मा बर्फ माझ्या पायजम्यात असायचा. कामिनी थंड पडली नाही, मला मात्र ताप आला. काकूंनी काढा दिला आणि विचारलं की आता तुम्हाला कुठल्या महिन्यात बहार धरायचा आहे.

कळ्यांनी कुणाचं ऐकलं नाही. पोळ्याच्या दिवशी, बैल ओवाळून लोक घरी परतत होते तेव्हा, कामिनी फुलली. किरकोळ नाही. पडदे बंद, अंधार, बर्फ, सगळ्याला न जुमानता ती अशी फुलली की पानं दिसेनात. वास गल्लीच्या टोकाला जाऊन वळला. मास्तर फाटकाशी डोळे मिटून उभे राहिले. रस्त्याने जाणारे लोक सायकल थांबवून विचारू लागले की इथे संत्र्याची गाडी उलटली का.

काकांनी पंचा नाकावरून घेऊन मागे गाठ मारली.

मला वाटलं सर्दी झाली असेल. सर्दी नव्हती. वेळेआधीचा वास आपण घेणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. फुलं होती तोवर ते तसेच वावरले. तसेच बाजारात गेले, तसेच बँकेत. बँकेतल्या चौकीदाराने त्यांना बाहेरच थांबवलं. जेवतानाही पंचा तोंडापुरता वर आणि नाकावर तसाच. ज्या वासासाठी त्यांनी अंगणात मांडव घातला, तो साऱ्या कॉलनीने घेतला आणि त्यांनी नाही. मी एकदा म्हटलं की काका, आता आलाच आहे तर घ्या. ते पंचाआडून काहीतरी बोलले. काय, ते कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

फुलं गळाली, तेव्हा त्यांनी मांडवाचे चारी पडदे खालपर्यंत ओढून दोऱ्यांनी घट्ट बांधले. आत कुणी जायचं नाही, झाडायचंही नाही. दुकान बंद करावं तसं. मग पंचा सोडला.

महालक्ष्म्या आल्या, बसल्या. जेवणाच्या दिवशी घरात पुरणाचा, कढीचा, सोळा भाज्यांचा दरवळ. मी मात्र वेगळ्या तयारीत होतो. आपण केलेलं नुकसान आपणच भरून काढावं म्हणून मी बाजारातून खोलीत मारायच्या सुगंधाचा एक डबा आणला होता. वर संत्र्याचं चित्र होतं, यापलीकडे मी काही वाचलं नाही. भाऊंची गाडी कोपऱ्यावर दिसताच मी एका बाजूची दोरी सोडून मांडवात शिरलो आणि कामिनीला शेंड्यापासून बुडापर्यंत फवारून काढलं. डबा निम्मा संपला. पानांवरून ओघळ आले.

बाहेर फाटक वाजलं. मग शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग एक जाड, म्हातारा आवाज आपल्या मुलाला म्हणाला, "याले इचार, फवारनी कायची केली?"

"दादाले सांग, नाई केली," काका म्हणाले.

पडदा बाजूला झाला. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी, आणि मागे काका, त्यांच्यामागे काकू डोक्यावर पदर घेऊन. काकू भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, समोरासमोर कधी बोलत नसत. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे तोंड करून, "म्हनावं" लावून सांगायच्या. मी झुडपाला चिकटून डबा धरून उभा. थोरल्या भावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मग माझ्याकडे पाहायचं त्यांनी सोडूनच दिलं.

माझ्या पायाखाली सगळं पांढरं होतं. पडदे बंद असल्यामुळे ना पाऊस आत आला होता ना वारा, ना कुणी झाडलं होतं. गळालेला सगळा बहार जिथे पडला तिथेच वाळून थराने पडलेला होता. घोटा बुडेल इतका नाही, पण माती कुठे दिसत नव्हती. भाऊ काठी टेकत खाली वाकले, एक ओंजळ उचलली, बोटांनी चुरून पाहिली. मग फांदी ओढून घेतली. जिथे फूल होतं तिथे ज्वारीच्या दाण्यासारखी हिरवी फळं धरलेली होती. एका फांदीवर, दुसऱ्या, तिसऱ्या.

"लहान्या," ते म्हणाले. मधे मुलगा उभा होता, त्याला ते विसरले. "हे तं सारंच्या सारं फुललं होतं."

"फुललं होतं दादा. पोळ्याले."

"ठोक?"

"ठोक."

भाऊंनी ओंजळ नाकाशी नेली, पण तिथे आता माझा डबा होता. त्यांनी पुन्हा शिंकून ती खाली टाकली. "आपल्या बागीतल्यावानी वास होता?"

काका म्हणाले, "म्या नाई घेतला. नाक बांधून होतो."

"काहून?"

"तू आला नव्हता."

"बह्याडच राह्यला तू," भाऊ म्हणाले, पण काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात त्यांनी काकांच्या खांद्यावर ठेवला. म्हणजे आधारासाठी ठेवला असेल. मांडीचं हाड जुनं मोडलेलं होतं. ठेवला एवढं खरं. मग झाडाची एक बारीक काडी मोडून पाहत त्यांनी विचारलं की ताण कुणी तोडला.

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "भाडेकरू होय. अकोल्याचा."

"हं," भाऊ म्हणाले, जणू अकोला म्हटल्यावर बाकीचं आलंच. "बरं झालं. तू तं तोडलाच नसता."

काकांचा हात खांद्याकडे गेला, जिथे एरवी चावी असते. "नसता तोडला," ते म्हणाले.

इथे मला वाटलं की आपली वेळ आली. म्हणजे एका अर्थी कामिनीला मीच वाचवलं म्हणायचं, असं मी हसत हसत सुरू केलं. दोन्ही भावांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. नाक दोघांचं सारखं होतं, हे मला तेव्हा दिसलं. थोरल्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, दूर धरून वाचला आणि बोट ठेवून धाकट्याला दाखवला. संत्र्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात संडास-बाथरूमसाठी असं लिहिलेलं होतं.

त्या दुपारी दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले. मधे माणूस नव्हता. चटणी हवी का ते काकांनी थेट विचारलं, भाऊंनी थेट घेतली. वासाचं बोलणं निघालं, वडिलांच्या वेळच्या बागेचं निघालं, वाळलेल्या कोपऱ्याचंही निघालं, आणि कुणी उठून गेलं नाही. मी पंगतीच्या टोकाला, दाराजवळ. काकू पुरणपोळ्यांचं ताट घेऊन वाढत वाढत माझ्यापर्यंत आल्या, तेव्हा थोरल्या भावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"त्याले आत्ताच नोका वाढू," ते म्हणाले. "थोडा ताण बसू द्या. मंग एखांद्या वक्ती अक्कल फुटीन."

काका हसले. मी त्यांना दात दिसतील असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. काकूंनी पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्या पानावर पोळी टाकली.

"ताण झाडाले देतेत म्हनावं. खुंट्याले काय ताण देता."